आधी ते बूच काढा, मग क्षारांचं बघू

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्या घरी बोअरचं पाणी आहे. नळांवर, फरशीवर, बादल्यांवर पांढरे डाग पडतात, त्याची आता सवय झाली आहे. पण वर्षभरापासून बाथरूममधला २५ लिटरचा गिझर त्रास देतोय. चालू केला की आतून तडतड, कडकड असा आवाज येतो. पूर्वी दोन बादल्या कडक पाणी मिळायचं, आता एका बादलीनंतर कोमट येतं. गरम नळाची धार करंगळीएवढी झाली आहे आणि शॉवरची निम्मी भोकं बंद आहेत. गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळायचं, म्हणून यजमानांनी तिथे बूच बसवलं. तेव्हापासून गळणं थांबलं आहे. प्लंबर म्हणतो, पाइप आतून भरलेत, भिंत फोडून सगळी लाइन बदला. शेजारी म्हणतात, पाइपला चुंबक लावा, क्षार आपोआप जातील. टॉयलेट साफ करायचं अॅसिड गिझरमध्ये ओतून बघावं, असं मला वाटतंय. सासूबाईंची काळजी वेगळीच आहे : हेच पाणी पिऊन मूतखडा होईल का? नक्की काय करू?

— एक वाचक

उत्तर

ताई, तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण सगळ्यांत गंभीर गोष्ट प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात. गिझरखालच्या व्हॉल्व्हला बसवलेलं ते बूच. हे वाचत असाल तेव्हा गिझर चालू असेल तर आधी बंद करा. भिंतीवरचा स्विच पुरेसा नाही, मेन बोर्डावरचा त्याचा एमसीबी खाली पाडा. पाणी पूर्ण गार झालं की ते बूच काढून टाका आणि काढल्याशिवाय गिझर पुन्हा चालू करू नका.

असं का, ते नीट सांगते. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर ते साधारण दीड टक्क्याने, म्हणजे सुमारे पावणेचारशे मिलीलिटरने वाढतं. गिझरच्या आत येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हे वाढलेलं पाणी मागे घराच्या वरच्या टाकीकडे जाऊ शकत नाही. गरम नळ बंद असतो, तिकडूनही वाट नाही. मग ते गिझरखालच्या त्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हमधून, थेंब थेंब बाहेर पडतं. म्हणजे पाणी तापत असताना होणारं ते गळणं हा बिघाड नाही, तो व्हॉल्व्ह आपलं काम करत होता. तोच रस्ता बंद केला की दर वेळी गिझरच्या टाकीवर नको इतका दाब येतो. त्यातच एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट अडकला आणि वीज तुटलीच नाही, तर दाबाखालचं पाणी १०० अंशांच्याही वर तापतं. अशा वेळी टाकीची शिवण उसवली तर त्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. गिझर फुटून भिंती पडल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तुमच्या गिझरमध्ये क्षार इतके साचलेत की थर्मोस्टॅटवर विसंबण्यात अर्थ नाही. म्हणून हे सगळ्यांत आधी.

बूच काढल्यावर गळण्याकडे लक्ष ठेवा. फक्त तापताना गळत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी जोडून तिचं टोक खालच्या मोरीत सोडा. नळी उतरती असावी आणि टोक उघडं असावं, बस. पण गिझर गार असतानाही गळत असेल, तर दोन शक्यता आहेत : एक तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षारांचा कण अडकलाय, नाहीतर वरच्या टाकीकडून येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. पाणी गार असताना व्हॉल्व्हची छोटी कळ दोन-तीनदा उचलून सोडा, कण वाहून जातो. तरीही गळत राहिला, किंवा कळ हलतच नसेल, तर व्हॉल्व्ह बदला. क्षारांनी जाम झालेला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बूच लावलेला व्हॉल्व्ह यांत काही फरक नाही. नवा बसवल्यावरही दर दोन-तीन महिन्यांनी ती कळ हलवून बघत जा.

आता क्षारांकडे येऊ.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. खडकातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. हे क्षार पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात असतात, दिसत नाहीत, गाळले तरी जात नाहीत. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते; या कार्बोनेटचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. त्यामुळे ते जिथे सगळ्यांत जास्त उष्णता असते तिथेच, म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या अंगावर, घट्ट बसतं. तुमच्या सगळ्या तक्रारींचा उगम इथे आहे, आणि प्लंबरने भिंत फोडायला घेण्याआधी त्याला थांबवायचं कारणही इथेच आहे. गार पाण्याच्या लाइनमध्ये हे क्षार सहसा फारसे बसत नाहीत. तुमच्या घरातली लढाई गिझरच्या आत आणि त्याच्या पुढच्या काही फुटांत आहे.

आवाजाचं कारण असं : थराच्या खाली आणि तळाच्या गाळात थोडं थोडं पाणी अडकलेलं असतं. एलिमेंटची उष्णता थरामुळे बाहेर जाऊ शकत नाही, तेव्हा हे अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटतात. तडतड म्हणजे तेच. एलिमेंट स्वतःही असायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, म्हणून तो लवकर जळतो.

लोक म्हणतात की क्षारांमुळे विजेचं बिल दुप्पट होतं. विजेच्या साठवणीच्या गिझरबाबत हे खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेला असतो, त्याची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते, दुसरीकडे कुठे जाणार? गॅस गिझरचं तसं नसतं. तिथे ज्वाळेची उष्णता थरामुळे पाण्यापर्यंत पोहोचली नाही की धुराबरोबर बाहेर निघून जाते, त्यामुळे गॅस खरोखर जास्त जळतो. तुमच्याकडे नुकसान होतंय ते एलिमेंटचं, थर्मोस्टॅटचं आणि पाण्याच्या धारेचं.

एका बादलीनंतर पाणी कोमट का होतं, हे घरच्या घरी तपासता येईल. २ किलोवॉटच्या एलिमेंटला २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटं लागतात. (गिझरच्या अंगावरच्या पट्टीवर तुमचा एलिमेंट किती वॉटचा आहे ते लिहिलेलं असेल, ३ किलोवॉटचा असेल तर पंचवीसएक मिनिटांच्या आत.) नवा किंवा मोकळा झालेला सेफ्टी व्हॉल्व्ह बसल्यानंतर, गार पाण्याने भरलेला गिझर चालू करा आणि दिवा किती वेळाने विझतो ते बघा. दहा-बारा मिनिटांतच विझला आणि पाणी कोमटच असलं, तर दोष थर्मोस्टॅटला बसलेल्या क्षारांचा आहे. थर्मोस्टॅटची नळी एलिमेंटच्या शेजारीच असते. दोघांच्या मधली फट क्षारांनी भरली की नळीला पाण्याचं तापमान कळत नाही, एलिमेंटचं कळतं. ती समजते पाणी तापलं आणि वीज तोडते. पुष्कळ लोक अशा वेळी थर्मोस्टॅट बदलतात, आतलं साफ करत नाहीत, आणि दोन महिन्यांत पुन्हा तिथेच येतात.

म्हणजे गिझर उघडावाच लागेल. हात सरावलेला नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण तो काय करतोय याकडे लक्ष असू द्या. एमसीबी खाली, पाणी गार, आत येणारा अँगल कॉक बंद. गरम नळ उघडा ठेवायचा म्हणजे टाकीत हवा जाते, आणि मग खालून पाणी काढायचं. झाकण काढल्यावर तारांचा फोटो घ्यायचा, कोणती तार कुठे होती यावरून नंतर वाद नको. मग फ्लँजचे, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या चकतीचे, नट सोडून एलिमेंट, थर्मोस्टॅटची नळी आणि अॅनोड रॉड एकत्र खाली येतात. खाली टब ठेवा. तुमच्या वर्णनावरून सांगते, पापुद्रे आणि चुऱ्याचा ढीग पडणार आहे.

तळात राहिलेला गाळ हाताने, प्लॅस्टिकच्या चमच्याने, नळीच्या पाण्याने काढायचा. लोखंडी सळई, स्क्रूड्रायव्हर, हातोडी आत घालू देऊ नका. टाकीला आतून काचेसारखा इनॅमलचा मुलामा असतो. त्याचा टवका उडाला की तिथून गंज सुरू होतो आणि तो मुलामा घरी दुरुस्त होत नाही. भिंतीला चिकटलेला पातळ पांढरा थर तसाच राहू द्या. तो कुणाला त्रास देत नाही, उलट थोडं रक्षणच करतो.

एलिमेंटवरचे जाड कवच हलक्या हाताने, लाकडाच्या तुकड्याने ठोकून सुटतात. उरलेल्यासाठी लिंबूसत्व. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून त्यात एलिमेंट बुडवा. वरचे वीजजोडणीचे खांब मात्र कोरडे राहिले पाहिजेत. फसफस होईल, तो कार्बन डायऑक्साइड आहे, खिडकी उघडी असली की झालं. पाणी उकळतं घेऊ नका. जास्त गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट हा दुसराच पांढरा साका बसतो आणि एक थर काढून दुसरा चढवल्यासारखं होतं. फसफस थांबली आणि थर अजून आहे, तर लिंबूसत्व संपलंय, नवं द्रावण करा. हिशेब सांगते : १ किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला जवळजवळ १.३ किलो लिंबूसत्व लागतं. व्हिनेगरने तेच करायचं म्हटलं तर ४ टक्क्यांचं व्हिनेगर ३० लिटर ओतावं लागेल. यावरून लक्षात येईल की टाकीच्या तळाचा ढीग आधी हातानेच का काढायचा, आणि व्हिनेगर शॉवरपुरतंच का ठेवायचं.

एलिमेंट स्वच्छ झाल्यावर त्याचं अंग बारकाईने बघा. फुगवटा, भेग, काळा पडलेला भाग दिसला तर तो पुन्हा लावू नका, त्यातून वीज पाण्यात उतरते. गॅस्केट दर वेळी नवंच घाला. मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड झिजून तारेएवढा उरला असेल तर तोही बदला. टाकीऐवजी स्वतः गंजणं हे त्याचं काम असतं, तो संपला की टाकीची पाळी. आम्लाच्या बादलीत अॅनोड बुडवू नका, मॅग्नेशियम त्यात विरघळून जाईल. सगळं जोडल्यावर आधी पाणी सोडा, गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबा, फ्लँजपाशी गळत नाही हे बघा आणि मगच वीज द्या. कोरड्या टाकीत चालू केलेला एलिमेंट थोड्याच वेळात जळतो. अर्थिंगही याच वेळी तपासून घ्या.

टॉयलेटचं अॅसिड गिझरमध्ये? नको, ताई, अजिबात नको. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. ते क्षार झटक्यात खातं हे खरं, पण त्याच झटक्यात पितळेचे जोड, जस्ताचा मुलामा, क्रोम आणि अॅनोड खातं, स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं. बंद टाकीत त्याचा वायू कोंडतो, तो डोळ्यांत आणि छातीत जातो. आणि बाथरूममध्ये कुणी ब्लीच वापरलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्वसुद्धा ब्लीचबरोबर कधीही मिसळायचं नाही, त्याच कारणासाठी. आणखी एक : बाथरूममध्ये संगमरवर असेल तर कोणतंही आम्ल त्यावर सांडू देऊ नका. संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, आम्लाला तुमचा क्षार आणि तुमची फरशी यांत फरक कळत नाही.

शॉवर सोपा आहे. तोंड काढून व्हिनेगरमध्ये बुडवा, किंवा पिशवीत व्हिनेगर घेऊन ती शॉवरला बांधा. क्रोमचा मुलामा असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे, रात्रभर नको. रबरी भोकं असतील तर अंगठ्याने चोळली तरी मोकळी होतात. नळाच्या तोंडाची जाळीही अशीच काढून धुवा.

आता धार आणि प्लंबरचं म्हणणं. एकच बादली घ्या आणि एका खुणेपर्यंत भरायला गार नळाला किती वेळ लागतो, गरम नळाला किती, हे घड्याळ लावून बघा. गार नळ जोरात येतो आणि फक्त गरम नळ बारीक, तर घरातली सगळी लाइन बदलायचा प्रश्नच उरत नाही. पुढची पायरी : गिझर बंद आणि गार असताना त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाची लवचीक नळी सोडून तिथे बादली धरा आणि पाणी हळूच सुरू करा. तिथेच धार बारीक असेल तर अडथळा गिझरपर्यंतच्या भागात आहे : अँगल कॉक, आत जाणारी नळी, तिची जाळी, सेफ्टी व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्नचा पडदा, किंवा खुद्द बाहेर जाणारं तोंड, जे क्षारांच्या चुऱ्याने हमखास चोंदतं. तिथे धार जोरात असेल तर दोष पुढे आहे, आणि भिंतीतल्या पाइपाआधी मिक्सरचं गरम बाजूचं कार्ट्रिज उघडून बघायला सांगा. टाकीतून सुटलेले पापुद्रे वाहत येऊन तिथेच अडकतात. या सगळ्या जागा भिंतीबाहेर आहेत आणि पान्याने उघडतात.

थर दिसायला पातळ असला तरी धार फार कमी होते, हे मात्र खरं. आतून १५ मिलिमीटर रुंद पाइपात चहूबाजूंनी २ मिलिमीटर थर बसला, तर वाट ११ मिलिमीटरची उरते आणि तेवढ्याच दाबाला पाणी निम्म्याहून कमी येतं. त्यामुळे प्लंबरला अगदी खोटं ठरवू नका. गिझरपासून नळापर्यंतचा गरम पाइप खरोखर भरलेला असू शकतो. पण तो एक तुकडा कापून आत बघितल्यावर ठरवायचं, अंदाजाने नाही. आणि पाइप जुना लोखंडी असेल, आत तांबूस-तपकिरी गाठी दिसल्या, व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसलं नाही, तर तो गंज आहे. त्यावर लिंबूसत्वाचा उपयोग होत नाही. तो पाइप बदलणंच योग्य, आणि त्या बाबतीत मी प्लंबरच्या बाजूने आहे.

साफसफाई झाल्यावर पुन्हा लवकर साचू नये म्हणून सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे थर्मोस्टॅट खाली आणणं. ७५ अंशांवर ठेवलेल्या गिझरात ६० अंशांच्या गिझरपेक्षा क्षार फार वेगाने बसतात. ६० ला ठेवा. त्याहून खूप खाली आणू नका, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंशांमध्ये, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. ६० अंशांना ते मरतात. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर घेतलं तर काही सेकंदांत भाजतं, तेव्हा बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, विशेषतः घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर. गिझर दिवसभर चालू ठेवू नका. दिवसभर तापलेल्या एलिमेंटवर क्षार दिवसभर बसत राहतात.

मग प्रश्न येतो सॉफ्टनरचा, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचा. तो घेण्याआधी पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, मोजा. थेंब मोजायची साधी किट मिळते : पाण्यात रंग टाकला की ते लालसर होतं, निळं होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. टीडीएस मीटरने हे काम होत नाही. तो पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर बसवल्यावरही टीडीएसचा आकडा जवळपास तोच राहतो, आणि मग लोकांना वाटतं की आपण फसलो. तुरटीनेही कठीणपणा जात नाही, तिने गढूळपणा खाली बसतो एवढंच.

लिटरमागे १२० ते १८० मिलिग्रॅम असेल तर पाणी कठीण, १८० च्या वर फार कठीण. १५०-२०० च्या आसपास आकडा आला तर मी सॉफ्टनर घ्या असं म्हणणार नाही, वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करा, पुरे. ३०० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी. रोज १०० लिटर गरम पाणी वापरलं तर त्यातून दिवसाला ३० ग्रॅम, वर्षाला जवळपास ११ किलो क्षार गिझरमधून जातात. सगळे तिथे बसत नाहीत, बरेचसे पुढे वाहून जातात, पण थोडा हिस्सा मागे राहिला तरी पुरेसा होतो.

सॉफ्टनरमध्ये बारीक मण्यांसारखं रेझिन असतं. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदल्यात सोडियम सोडतं. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. म्हणजे हे यंत्र बसवून विसरायचं नसतं. मीठ संपलं तर त्यातून जसंच्या तसं कठीण पाणी पुढे जातं आणि महिनोन्महिने लक्षात येत नाही. पाण्यात लोह असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, नाहीतर रेझिन तांबडं पडून निकामी होतं. १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ३०० चं पाणी मृदू केलं तर सोडियम १३८ ने वाढेल. म्हणून सॉफ्टनर गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवा. स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आणि झाडांचा नळ त्यातून वगळा. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांच्यासाठी आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे फार महत्त्वाचं आहे. कठीणपणा अगदी शून्यावर आणायचा हट्टही नको. थोडं मूळचं पाणी मिसळून ५०-६० वर ठेवलं तरी गिझरला पुरतं.

चुंबकाबद्दल. पाइपवर बसवायच्या चुंबकी आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत; कधी थोडा परिणाम दिसतो, कधी काहीच नाही. पाण्यातला कठीणपणा त्याने कमी होत नाही एवढं नक्की, पुढेमागे किटने मोजलं तर आकडा तोच येईल. एलिमेंटवर आधीच बसलेला थर तर त्याने मुळीच निघणार नाही. मी तुमच्या जागी असते तर ते पैसे नव्या सेफ्टी व्हॉल्व्हवर, गॅस्केटवर आणि अॅनोडवर घातले असते. फॉस्फेटचे खडे घातलेली फिल्टरची बाटली मिळते, ती काही प्रमाणात काम करते, पण तापून साठून राहिलेल्या पाण्यात तिचा परिणाम ओसरतो. लहानशा इन्स्टंट गिझरला ती चालेल, तुमच्या २५ लिटरच्याला माझा तिच्यावर भरवसा नाही.

सासूबाईंना सांगा की गिझरमधला खडा आणि मूतखडा एका प्रक्रियेने होत नाहीत. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि त्यामागचं एक मोठं कारण पाणी कमी पिणं हे आहे. पाणी जड आहे म्हणून त्या कमी पीत असतील तर ते उलट वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणावर आरोग्याच्या कारणासाठी कुठलीही मर्यादा घातलेली नाही. त्यांना पूर्वी खडा झाला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मला बोअरच्या पाण्यात खरी काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची : फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं, शिवाय जंतू नकोत. पांढरा डाग पाडणारं पाणी या बाबतीत चांगलं असू शकतं आणि डाग न पाडणारं वाईट. प्रयोगशाळेतून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, त्यात कठीणपणाही कळेल आणि किट विकत घ्यायची गरज राहणार नाही.

राहिला नवा गिझर घ्यायचा की नाही हा प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत, पण उघडल्यावर समोर येईल. एलिमेंट, थर्मोस्टॅट, अॅनोड, गॅस्केट, व्हॉल्व्ह हे सगळं बदलता येतं, तेवढ्यासाठी गिझर टाकू नका. टाकीच अंगातून पाझरत असेल, किंवा फ्लँजच्या आत हात घातल्यावर गंजाचे पोपडे हाताला लागले, तर मात्र खर्च करू नका, बदला. नवा घेताना फ्लँज रुंद आहे का ते बघा, म्हणजे आत हात घालून गाळ काढता येईल. आणि बसवताना दोन्ही पाइपांवर अँगल कॉक लावायला सांगा, आणि गिझरखाली एलिमेंट सरळ बाहेर निघेल इतकी मोकळी जागा सोडायला सांगा. ही जागा न सोडल्यामुळे पुष्कळ गिझर कधीच साफ होत नाहीत, कारण साफ करायचे तर आधी भिंतीवरून उतरवावे लागतात. पहिली सफाई झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा उघडून बघा. गाळ मूठभर निघाला तर पुढच्या वेळी वर्षाने उघडा, टबभर निघाला तर सॉफ्टनरचं मनावर घ्या.